बोरच्या गाडीवरची हार्प

बोरची गाडी आमच्या गावात दिसायच्या आधी तिचा आवाज आला. देवणीहून येणारा रस्ता तेव्हा मुरमाचा होता, आणि शेवटच्या चढावर तिचं इंजिन इतकं कण्हलं की विहिरीवर बसलेल्या बायका घागरी सोडून उठून उभ्या राहिल्या. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरीच्या तळाला झिरपा होता, त्यातून वाटीनं पाणी भरायचं, आणि एक घागर भरेपर्यंत दोघींची भांडणं व्हायची. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. शाळेच्या पाटीवर पेंटरनं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'जिल्हा लातूर' लिहिलं होतं, पण पांढरा रंग पातळ होता, त्याखालून जुनं नाव दिसायचंच. लोक म्हणायचे, जिल्हा जवळ आला, आता पाणीबी जवळ येईल. पाणी काही जिल्ह्याचं ऐकत नव्हतं. पण परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं दुष्काळी भागासाठी बोर मारायच्या गाड्या दिल्या होत्या, त्यातली एक आमच्याकडं आली आणि तिनं आमच्या वस्तीलगतच्या माळावर चार महिने मुक्काम ठोकला. गाडीबरोबर एक गोरा इंजिनिअर होता. नाव ओवेन. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्याचा वेनसाहेब झाला. हाताखाली देगलूरचे सय्यदभाई होते. ते ड्रायव्हर होते, त्यांना तेलुगू, मराठी, दखनी आणि कामापुरती इंग्रजी यायची, आणि साहेबाचं तोंड तेच होते.

माझे वडील, आण्णा, त्या गाडीवर कामाला लागले. पाइप चढवणं-उतरवणं, ग्रीस मारणं, कॉम्प्रेसर पुसणं. अंगानं किरकोळ, पण हाताला फार नेमके. ते नेमकेपण बेंजोतून आलेलं होतं. आमच्या बौद्धवाड्याची एक गायन पार्टी होती, जयंतीच्या महिन्यात गावोगाव फिरायची, आणि आण्णा त्या पार्टीत बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे ती लांबट लाकडी पेटी, वर टायपिंग मशीनसारखी बटनं, खाली तारा. डाव्या हातानं बटन दाबायचं, उजव्या हातानं प्लास्टिकच्या तुकड्यानं तार छेडायची. तो आमच्या घरात खुंटीला टांगलेला असायचा, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. आमच्या दोन खोल्यांत त्याच्याइतकं कुणालाच जपलं जात नव्हतं. मी सातवीत असताना आण्णांनी मला त्यावर सारेगम शिकवलं होतं, पण घरापुरतं. पार्टीत बायका मागं बसून कोरस धरायच्या. वाद्याला हात पुरुषांचा. हे कुणी ठरवलं होतं असं नाही; तसं चालत आलं होतं. पार्टीचे मुख्य गायक होते किसनमामा, मायचे चुलतभाऊ. त्यांचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा आणि रागही तितकाच.

गाडीवरच्या माणसांचा स्वयंपाक मायकडं होता. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, वाळवलेल्या अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. हिरवं काही मिळायचं नाही, तरी माय काहीतरी करून ताटात दुसरा रंग आणायची. पहिल्या दिवशी चटणीनं साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. माय घाबरली. सय्यदभाई म्हणाले, "अम्मा, घबराव नक्को. साब बोलरैं, और होना." त्याला चटणी अजून पाहिजे होती. मग तो रोज आमच्या ओसरीवर मांडी घालून जेवायला लागला. लांब पाय, मांडी जमायची नाही, गुडघे कानाला लागायचे. मराठी तो मायकडूनच शिकला. त्यामुळं पुण्याच्या माणसाला हसू येईल अशी मराठी त्याच्या तोंडी बसली: "लई चांगलं", "पानी न्हाई लागलं", "उद्या बगू." शेवटचं वाक्य तो फार मनापासून म्हणायचा, कारण पहिले तीन बोर कोरडेच गेले होते, धूळ सोडून काही वर आलं नव्हतं.

दिवसभर कॉम्प्रेसर असा धडधडायचा की घरातल्या जर्मनच्या भांड्यांना कंप सुटायचा. दिवस मावळायला टेकला की तो बंद व्हायचा, आणि मग गावाला एकदम बहिरेपणा यायचा. एका अशा संध्याकाळी मी चुलीपुढं भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला. आधी वाटलं, कुणीतरी दहा बेंजो एकदम वाजवतंय. पण दहा बेंजो म्हटले की घाई आली, एकमेकांच्या पुढं पळणं आलं. इथं कुणाला घाई नव्हती. एक स्वर वाजायचा, तो तसाच हवेत राहायचा, आणि दुसरा येऊन त्याच्या शेजारी बसायचा. माझा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी काळी झाली.

"कुटं ध्यान हाय तुजं?" माय म्हणाली.

"माय, ऐक की."

"ऐकून ऱ्हायले. भाकर उलट."

मी भाकरी उलटली आणि बाहेर पळाले. साहेबानं गाडीच्या बॅटरीला मोठा टेप जोडला होता आणि पायरीवर बसून तो बुटातली धूळ झटकत होता. मी सय्यदभाईंना विचारलं, हे काय आहे. ते म्हणाले, "हार्प बोलते इसकू. साब की अम्मा बजाती थी. खडा बाजा रैता, आदमी के कद का. चालीस के ऊपर तारां." त्यांनी हवेत हात फिरवून आकार दाखवला. मला तो वखराला उभं करून तारा बांधल्यासारखा दिसला. आज माझी नातवंडं मोबाइलवर दोन सेकंदांत हार्प दाखवतात, आणि त्यांना कळत नाही की आजी एवढं काय सांगते. मी ते वाद्य आवाजातून बांधून काढलं होतं. डोळ्यांनी पाहायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली.

साहेबाकडं नऊ कॅसेटी होत्या. आठ दुकानातल्या, छापील कागदाच्या. त्यांतल्या काहींवर तीनशे-चारशे वर्षांपूर्वीचं संगीत होतं: राजांच्या दरबारातले नाच, देवळातली भजनं, स्पेन नावाच्या देशातल्या संथ गती. काहींवर त्यानंतरचं, मोठं, पसरलेलं. त्यात हार्पच्या मागं सगळा वाद्यमेळ यायचा आणि ती त्यातून वाट काढत चालायची. मला जुनं जास्त आवडायचं. त्यात स्वर कमी आणि जागा भरपूर असायची, माणूस सोबत चालू शकायचा. नवव्या कॅसेटवर निळ्या शाईनं हातानं लिहिलेलं होतं. तीत साहेबाच्या आईनं घरी वाजवलेली एक गत होती, आठ-नऊ मिनिटांची. तिच्या खोलीतला आवाज तीत आला होता: खुर्ची करकरायची, एका ठिकाणी बाई श्वास घ्यायची, तोही ऐकू यायचा. आमच्या घरी मी तिला 'आईची गत' म्हणायला लागले.

ती गत मी चोरली. दुसरा शब्द नाही. संध्याकाळी ऐकायचं आणि भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती सारेगमात लिहायची. आण्णा कामावर गेले की दुपारी खुंटीवरून बेंजो काढून ती वाजवून बघायची. पहिल्यांदा ती बेंजोवर कीर्तनात शिट्टी वाजवल्यासारखी लागायची. का, ते मला पंधरा-वीस दिवसांनी उमगलं. आम्ही बटन दाबतो, तार छेडतो आणि लगेच बोट उचलतो. स्वर जागीच मरतो. हार्पवर तसं होत नाही, तिथं तार आपापली वाजत राहते. मग मी बोट उचलायचं बंद केलं. पुढचा स्वर येईपर्यंत मागचं बटन धरून ठेवायचं, आणि उजव्या हातानं तार ठोकायची नाही, नुसती उचलायची. ज्या दुपारी हे जमलं त्या दुपारी माय दारात येऊन उभी राहिली. हातात सूप होतं, ते तसंच धरून तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आण्णा यायच्या आत टांगून ठिव." एवढंच. पण त्या दिवसापासून दुपारी तिनं मला एकही काम सांगितलं नाही.

उन्हाची झळ सुरू झाली तसा साहेबानं कॅसेटींचा डबा आमच्या घरात ठेवायला दिला. गाडीत त्या वितळल्या असत्या. आमच्या आतल्या खोलीत माठाजवळचा कोपरा थंड असायचा. तिथं डबा ठेवून तो मायला म्हणाला, "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या." आणि एका दुपारी, गाडीवरची सगळी माणसं सामान आणायला उदगीरला गेली असताना, मी तो डबा उघडला. आईच्या गतीत मधला एक भाग मला नीट लिहिता येत नव्हता. संध्याकाळी तो एकदाच वाजायचा आणि निघून जायचा. मला तो मागं नेऊन पुन्हा पुन्हा ऐकायचा होता. मी किसनमामाच्या घरी गेले, आण्णांनी मागितलाय असं खोटं सांगून पार्टीचा टेप आणला. त्याचे सेल उतरलेले होते. दोनदा नीट वाजलं. तिसऱ्यांदा बाईचा हात जड झाल्यासारखा आवाज लांबला, आणि थांबला. मी झाकण उघडलं. पट्टी आतल्या चाकाला गुंडाळली होती. तेव्हा थांबून कुणाला तरी बोलवायला हवं होतं. मी ओढलं. ती शेवईसारखी ताणत आली, ताणत आली, आणि तुटली. उरलेली आत कुठंतरी चुरगळून बसली.

आण्णा आले तेव्हा मी चुलीपाशी बसले होते आणि चूल पेटलेली नव्हती. मायनंच सांगितलं. तोवर टेप न्यायला किसनमामाही आले होते. आण्णांनी ती तपकिरी गुंतवळ हातात घेतली, उजेडाला धरली, खाली ठेवली. मारतील असं मला वाटलं होतं. ते खाली बसले.

"आपल्या घरात कामून ठिवली त्यानं?" ते मला म्हणाले. "दुसरी घरं नव्हती गावात?"

मी चुलीतली राख उकरायला लागले.

किसनमामा म्हणाले, "दाजी, उंदरानं कुरतडली म्हणा. नोकरी जाईल न्हाई तर."

"उंदीर बटन दाबतो व्हय, किसन?"

"साहेबाला काय कळतंय?"

"त्याला न्हाई कळलं तरी मला कळतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सकाळी तू सांगायचं. मी संगं हुबा ऱ्हातो. बोलायचं तू."

इतक्या वर्षांच्या शिक्षकीत मी मुलांना खरं बोलण्यावर पुष्कळ व्याख्यानं दिली. आण्णांच्या त्या एका वाक्याइतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. त्यांनी मला धीर दिला नाही, उपदेश केला नाही. फक्त कोण बोलणार आणि कोण शेजारी उभं राहणार, एवढं ठरवून टाकलं.

सकाळी कॉम्प्रेसर चालू व्हायच्या आत आम्ही माळावर गेलो. मी सांगितलं. सय्यदभाईंनी अर्धं सांगितलं असेल तेवढ्यात साहेबाला कळलं, कारण माझ्या हातात ते सगळं होतं. त्यानं ते घेतलं. त्याचा चेहरा लाल व्हायचा तो पांढरा झाला. तो गाडीच्या पलीकडं गेला. सय्यदभाई खालच्या आवाजात म्हणाले, "बेटी, उस की अम्मा की उंगलियां मुड गईं. अब बजा नै सकती. वो गत उस की नानी की थी, किधर भी लिख के नै. एकच कॅसेट थी." मला वाटलं होतं, आई आहे तर पुन्हा वाजवून पाठवील. मोडलेली वस्तू आणि गेलेली वस्तू यांतला फरक मला त्या माळावर कळला. साहेब दुपारी जेवायला आला नाही. मायनं भाकरी पाठवली, ती तशीच परत आली. आण्णा दिवसभर त्याच्या शेजारी पाइप चढवत होते आणि दोघं एकमेकांशी फक्त हातांनी बोलत होते.

दुपारभर मी वही उघडून बसले. सगळं होतं. त्या मधल्या भागासकट, कारण टेप बिघडायच्या आधी तो मी दोनदा ऐकला होता. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण येतंय की नाही ही शंका मात्र नव्हती. येत होतं. संध्याकाळी कॉम्प्रेसर थांबला तशी मी खुंटीवरून बेंजो काढला, आण्णांच्या डोळ्यांदेखत, आणि म्हणाले, "आण्णा, तुणतुणं घ्या. हार्पला खाली एक जाड आवाज असतो, तो बेंजोत निघत न्हाई."

"म्हंजे?"

"मी खूण करीन तवा एकच सूर धरा."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग बेंजोकडं, मग मायकडं. माय म्हणाली, "जावा. ती वाजवती. मला ठाऊक हाय." त्यांनी तुणतुणं काखेत घेतलं.

साहेब पायरीवर बसला होता. टेप बंद होता. मी समोर पोतं अंथरलं, बेंजो मांडीवर घेतला आणि काही न सांगता सुरू केलं. पहिल्या चार स्वरांना त्यानं मान वर केली. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. बटनांकडं बघत राहिले. बोट उचलायचं नाही, तार नुसती उचलायची. आण्णांना मी मानेनं खूण करायची आणि तुणतुण्याचा स्वर बरोब्बर खालून यायचा, कारण तो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यामागं वाजवत आला होता, त्याला कधी यायचं हे सांगावं लागत नव्हतं. मधल्या भागात एका ठिकाणी साहेब "न्हाई, न्हाई" म्हणाला. मी थांबले. त्यानं डोळे मिटून ती ओळ गुणगुणली, फार वाईट आवाजात. मी पाचवा स्वर बदलला. "हाय," तो म्हणाला, "तसं." त्यानं उठून टेपमध्ये कोरी कॅसेट घातली, लाल बटन दाबलं आणि मला हातानं म्हणाला, पहिल्यापासून. मी पहिल्यापासून वाजवलं. तोवर वस्तीतली माणसं जमली होती, पण एकही पोर ओरडलं नाही. संपल्यावर साहेबानं बटन बंद केलं आणि तो टेपवर हात ठेवून बसला. मग मायच्या मराठीत म्हणाला, "भूक लागली." त्या दिवशी त्यानं पाच भाकरी खाल्ल्या.

ती कॅसेट त्यानं आईला पाठवली. आण्णा मला काहीच बोलले नाहीत. शाबासकीही नाही. मी पहिल्यांदाच माणसांपुढं वाजवलं होतं, आणि मला वाटलं होतं की ते काहीतरी म्हणतील. चार दिवसांनी पार्टी आमच्या ओसरीवर सरावाला बसली. लातूरला जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. जिल्हा झाल्यानंतरचा म्हणून सगळ्या तालुक्यांच्या पार्ट्या बोलावल्या होत्या. तिथं आण्णांनी बेंजो माझ्यापुढं सरकवला आणि किसनमामांना म्हणाले, "लातूरला ही वाजवती."

किसनमामा हसले. मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही. "दाजी, पोरीची जात स्टेजवर? वाद्याला? लोक काय म्हणतील?"

"बेसूर वाजवली तर बेसूर म्हणतील."

"आन् तुमी?"

"मी बसतो कोरसात."

"वीस वर्षं झाली तुमी बेंजोवर हाव!"

"म्हनून सांगून राहिलो. वीस वर्षांत मला जे जमलं न्हाई ते हिनं दोन-तीन महिन्यांत काढलं. मी ऐकलंय. तू ऐक, मग बोल."

मी वाजवलं. किसनमामांनी गाणं सुरू केलं, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत मी आईच्या गतीची एक ओळ घातली, लयीला बसवून. मामा पुढचं कडवं उचलायला विसरले. त्यांनी पाणी मागितलं, पाणी एवढं महाग असताना तांब्याभर प्यायले, आणि म्हणाले, "पुन्यांदा घे." त्यांचा होकार तो. तोंडानं त्यांनी तो आयुष्यात कधी दिला नाही.

लातूरला निघायच्या आठवड्यात साहेबाच्या आईचं पाकीट आलं. त्यावर जुना जिल्हा लिहिलेला, म्हणून ते आधी उस्मानाबादला फिरून आलं होतं, कडा फाटलेल्या. आत एक कॅसेट. ती सगळ्यांनी ओसरीवर ऐकली. म्हातारीचा आवाज कणखर होता. ती बोलायची, साहेब टेप थांबवायचा, सय्यदभाई सांगायचे. तिनं विचारलं होतं, हे वाद्य कोणतं, आणि खालचा एक सूर धरणारा माणूस कोण. त्याला माझा नमस्कार सांग. आण्णांनी नकळत टोपी सरळ केली. मग ती हसायला लागली, आणि साहेबही. सय्यदभाईंना कळेना. शेवटी त्यांनी सांगितलं: गतीत एका जागी मी दोन मात्रा थांबत होते. मला तो ठहराव फार सुंदर वाटायचा, तो मी जीव लावून जपला होता. खरं म्हणजे त्या दिवशी म्हातारी वाजवत असताना बाहेर कुत्रं भुंकलं होतं आणि ती दचकून थांबली होती. कॅसेटवर कुत्रं ऐकू येत नव्हतं, थांबणं तेवढं आलं होतं. ओसरीवर हशा पिकला. मला भुईत शिरावंसं वाटलं. पण म्हातारीनं पुढं म्हटलं होतं की गत बरोबर आहे, मधल्या ओळीतला पाचवा स्वर सोडून सगळी, आणि तो मुलानंच बदलायला लावला असेल, तिथं त्याचं ऐकू नका, तो लहानपणापासून ती ओळ चुकीची गुणगुणतो. मग तिनं ती ओळ स्वतः गाऊन दाखवली. मीच बरोबर होते. साहेबानं माझ्यापुढं दोन्ही हात जोडले.

त्याच सुमारास वस्तीजवळचा बोर लागला. पाऊस पडायला लागला तशी गाडी निघून गेली. साहेबाची पत्रं काही वर्षं येत होती. मी नांदेडला डी.एड.ला असताना त्याची आई गेल्याचं शेवटचं पत्र आलं. त्यात त्यानं लिहिलं होतं की शेवटी-शेवटी ती बेंजोवरचीच गत लावून ऐकायची. ते पत्र मी होस्टेलच्या गच्चीवर वाचलं आणि खाली येऊन नेहमीसारखी जेवले. दुःख झालं, पण त्यापेक्षा, खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

पण हे सगळं नंतरचं. लातूरचा कार्यक्रम दिवसा उजेडी होता, मोठा मांडव, निळ्या पताका, पाण्याचे टँकर बाजूला उभे. आमची पार्टी स्टेजवर चढली तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ए पोरी, खाली बस, गर्दी करू नको." मी बेंजो मांडीवर घेतला. मग शिट्ट्या आल्या, हसणं आलं. माझं डोकं स्वच्छ होतं. मला एवढंच दिसत होतं की कोरसात, बायकांच्या शेजारी, आण्णा बसलेत, टाळ्या वाजवायला हात वर धरून. किसनमामांनी गाणं उचललं. पहिलं कडवं झालं, मधली जागा आली, मी ती ओळ वाजवली. बोट न उचलता. शिट्ट्या थांबल्या. दुसऱ्या कडव्यानंतर लोक त्या जागेची वाट बघायला लागले, हे वाजवणाऱ्याला कळतं, हवा पुढं झुकते. तिसऱ्यानंतर किसनमामा स्वतः बाजूला झाले आणि मला मोकळी वाट दिली, आणि मी अर्धी गत वाजवली. गाणं संपल्यावर माइकपाशी मामांनी सगळ्यांची नावं घेतली, ढोलकी, पेटी, टाळ. बेंजोपाशी ते क्षणभर अडखळले, कारण तिथं वीस वर्षं एकच नाव होतं. मग छाती भरून म्हणाले, "बेंजोवर, सुजाता गंगाराम कांबळे!"

त्या रात्री आम्ही विहारात झोपलो आणि सकाळी टेम्पोनं परत निघालो. सगळे दमले होते. आण्णा हौद्यात कडेला बसले होते, मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून, आणि ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "किसन, ती खंजिरी दे इकडं. आता पार्टीत मला कायतरी शिकावं लागंल." मामांनी दिली. उदगीरपर्यंत आण्णा ती वाजवत होते, अगदी मनापासून आणि सगळी चुकीची, आणि त्या टेम्पोत बसलेल्या एकाही माणसानं त्यांना थांबवलं नाही.